बेळगावात गप्प, साखळीत बोलकं: इंजिनातला नॉक कानाने कसा ओळखायचा

माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून एक पिस्टन असतो. मारुती एस्टीमच्या तीन नंबर सिलिंडरचा. वरून बघाल तर ठीकठाक. बाजूने फिरवलात की पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधली कड नखाएवढी तुटलेली दिसते. ती तुटली तेव्हा मी गाडी चालवत होतो, खिडक्या उघड्या होत्या, आवाज व्यवस्थित येत होता, आणि मी शेजारी बसलेल्या मित्राला सांगत होतो, ‘टॅपेट वाजतायत, घरी गेल्यावर बघू.’ बेळगावहून चोर्ला घाट उतरून गोव्यातलं साखळी गाव आणि परत, एवढ्या एका रविवारात काम झालं. टायमिंग, म्हणजे पिस्टन वर पोचायच्या किती अंश आधी स्पार्क पडतो ते, मीच लावलं होतं, त्यामुळे शिव्या द्यायला दुसरं कुणी नव्हतं.

त्यानंतर जे शिकलो ते नवख्या माणसासाठी लिहितो. नवखा म्हणजे ज्याने हेडला फेसिंग मारून कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती दाबलं जातं ते, वाढवलंय, किंवा स्वतंत्र ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) बसवून लॅपटॉप मांडीवर घेतलाय, किंवा नुसता डिस्ट्रिब्युटर सैल करून टायमिंग ‘जरा पुढं’, म्हणजे स्पार्क आणखी लवकर, ओढलंय. उद्यमबाग ते खानापूर रोड अशी पोरं बरीच आहेत. मीही त्यातलाच.

आधी आग समजून घ्या

चिकोडी-रायबागकडे ऊस तुटून गेला की रानात पाचट पेटवतात. एका बांधाला काडी लावली की आग सरीसरीने पुढे सरकते आणि पलीकडच्या बांधाला जाऊन विझते. सिलिंडरमध्ये आपण स्फोट म्हणतो तो नीट चाललेल्या इंजिनात असाच असतो. स्पार्क पडतो, ज्वाळेची भिंत प्लगपासून कडेकडे पसरत जाते, दाब चढतो आणि पिस्टन खाली ढकलला जातो. आता समजा, येणाऱ्या आगीच्या धगीने लांबच्या कोपऱ्यातलं पाचट इतकं तापलं की आग पोचायच्या आतच ते सगळं एकदम आपोआप भडकलं. सिलिंडरच्या कडेला उरलेल्या मिश्रणाचं असं झालं की तो नॉक. दाब चढत जाण्याऐवजी एका फटक्यात वर जातो, त्याच्या लाटा बोअरच्या या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत राहतात आणि अख्खा ब्लॉक घंटेसारखा वाजतो. आपल्याला ऐकायचं आहे ते हे वाजणं.

नुकसान होतं ते असं. पिस्टनच्या माथ्याला आणि हेडच्या आतल्या बाजूला वायूचा एक पातळ, मानाने थंड थर चिकटून असतो. ॲल्युमिनियम वितळत नाही ते त्या थराच्या कृपेने. नॉकच्या लाटा तो थर खरवडून काढतात, उष्णता थेट धातूत शिरते, आणि वरून दाबाचे फटके बसत राहतात. मग रिंगांमधली कड तुटते, हेड गॅस्केट जातं, बेअरिंगची शेल चेपतात.

याचा एक भाऊबंद आहे, प्री-इग्निशन. त्यात स्पार्क पडायच्या आधीच, लाल झालेल्या प्लगच्या टोकाने किंवा कार्बनच्या कणाने मिश्रण पेट घेतं. नॉक स्पार्कनंतरचा, हे आधीचं. नॉक निदान आवाज देतो. प्री-इग्निशन पिस्टनला भोक पाडूनच थांबतं. आणि नॉक बराच वेळ चालू दिला तर प्लग तापून मामला तिकडेच जातो. ‘थोडा नॉक चालतोय रे’ हे गॅरेजमधलं वाक्य म्हणूनच मी मानत नाही.

आवाज नेमका कसा

बोअर जेवढा मोठा तेवढा नॉकचा सूर खाली. ढोबळ हिशेब असा: १८०० ला ३.१४ ने आणि मग बोअरच्या मिलिमीटरने भागा, उत्तर किलोहर्ट्झमध्ये येतं. एस्टीमच्या १२९८ सीसी इंजिनचा बोअर ७४ मिलिमीटर, म्हणजे सुमारे पावणेआठ किलोहर्ट्झ. पोलोच्या १.२ टीएसआयचा ७१, म्हणजे आठच्या किंचित वर. बारीक, कोरडा, धातूचा आवाज. ॲल्युमिनियमच्या डब्यात सायकलच्या बेअरिंगचे छर्रे टाकून डबा हलवलात तर जवळपास तोच ऐकू येतो. हलका नॉक असेल तर भट्टीवर पहिले फुटाणे फुटतात तसा, सुटा सुटा. जोराचा असेल तर छर्ऱ्यांचा मुसळधार.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलं की कान आधी जातो तो चार किलोहर्ट्झच्या आसपास, आणि तिथून वरचे सूर मंद होतात. बोलणं ऐकू येतं, फोन ऐकू येतो, त्यामुळे माणसाला पत्ता नसतो. बेळगावात फाउंड्र्या आणि मशीन शॉप कमी आहेत का? माझ्या मिस्त्रीमामांनी उमेदीची वर्षं फाउंड्रीत काढलेली. इंजिनचा आवाज ऐकवणारे हेडफोन (ते पुढे सांगतो) कानाला लावून ते म्हणाले, ‘मला कायबी ऐकू येत नाही बघ, इंजिन झकास चाललंय.’ मग त्यांच्या सतरा वर्षांच्या भाच्याने हेडफोन घेतले. दोन मिनिटांत तो म्हणाला, ‘मामा, छर्रे पडूलालेत की!’ मामांचा हात मात्र असा की नुसतं रॉकर कव्हरवर बोट ठेवून ढिला टॅपेट सांगतील. तेव्हा ऐकायला तरुण कान बसवा, आणि अर्थ लावायला अनुभवी डोकं जवळ ठेवा.

फसवणारे आवाज

नवख्याची सगळी गफलत इथे होते. प्रत्येक आवाजाला एकच प्रश्न विचारा: तू लोडबरोबर (इंजिनवरच्या ताणाबरोबर) वाढतोस की आरपीएमबरोबर (फिरण्याच्या वेगाबरोबर)? नॉक लोडबरोबर वाढतो.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणारा भाग, आयडलला (पाय न देता) वाजतो, गाडी उभी असताना वाजतो, रेस केलं की टिकटिक जलद होते. पाय जोरात दाबला किंवा हलका ठेवला, त्याला फरक नाही. इंजेक्टरही तसाच, थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल मारणाऱ्या टर्बो गाड्यांत तर तो शिलाई मशीनसारखा चालू असतो. पिस्टनची थाप थंड इंजिनवर जास्त आणि गरम झालं की कमी. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं असेल तर आवाज जाड, ठोक्यांचा, पोटातून आल्यासारखा. त्याला बारीक म्हणायची कुणाची हिंमत होणार नाही.

खरा लबाड म्हणजे एक्झॉस्टची गळती. मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलं असेल तर टकटक लोडबरोबर वाढते, अगदी नॉकसारखी. सैल झालेला उष्णतारोधक पत्राही ठरावीक आरपीएमला किणकिणतो. म्हणून शेवटची परीक्षा नेहमी एकच: टायमिंग ३ अंश मागे घ्या आणि त्याच चढाला, त्याच गियरला, तोच पाय देऊन परत जा. आवाज गेला तर नॉक होता. राहिला तर पाना घेऊन मॅनिफोल्डकडे वळा. त्या रविवारी घाटाच्या पायथ्याच्या केरी गावापुढे थांबून मी एवढं केलं असतं, तर पेपरवेटसाठी नदीतला गोटा चालला असता.

कानाची नळी

काचा बंद करून नुसत्या कानाने मोठा नॉक कळतो. आपल्याला हवा तो सुरुवातीचा, आणि त्यासाठी नळी लागते. खर्च किरकोळ.

फ्रिज-एसी दुरुस्त करणाऱ्याकडून पाव इंची तांब्याची नळी घ्या, वीतभर किंवा थोडी जास्त. एक टोक ऐरणीवर हातोडीने तीन-चार सेंटिमीटर चपटं करा आणि त्यात बोल्टपुरतं भोक पाडा. दुसऱ्या टोकावर घट्ट बसेल असा रबरी किंवा सिलिकॉनचा पाइप चढवा, दोन-अडीच मीटर. हा पाइप वायरिंगच्या ग्रोमेटमधून केबिनमध्ये आणा; बॉनेटच्या कडेखाली चेपला की आवाज तिथेच मरतो. कानासाठी फाउंड्रीत कामगार घालतात ते कान झाकणारे इअरमफ. औद्योगिक सुरक्षेचं सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात मिळतात. एका कपाला भोक पाडून पाइप आत घ्या आणि कडेने सिलिकॉन भरा. दुसरा कप बाहेरचा आवाज अडवायला तसाच राहू द्या.

तांब्याचं चपटं टोक कुठे बसवायचं, यावर सगळं अवलंबून. ब्लॉकवर, शक्यतो दोन आणि तीन नंबर सिलिंडरच्या मध्ये, वरच्या बाजूला एखादा रिकामा बोल्टचा बॉस (बोल्ट बसायचा उंचवटा) शोधा. रॉकर कव्हरवर बसवलं तर दिवसभर टॅपेटच ऐकत बसाल. संपवर (खालच्या तेलाच्या टाकीवर) बसवलं तर तेल पंपाची घरघर. इंजिन माउंटिंगचा बोल्ट काढून काम भागवू नका. मूळ नॉक सेन्सरच्या (ब्लॉकचं वाजणं टिपून ईसीयूला कळवणाऱ्या) बोल्टलाही हात लावू नका, तो ठरावीक ताकदीने आवळलेला असतो. बॉशच्या वाटोळ्या सेन्सरना ही ताकद २० न्यूटन-मीटरच्या आसपास लागते, आणि ती बदलली की सेन्सरचं वाचन बदलतं. नळी एक्झॉस्टपासून लांब ठेवा आणि कुठेही घासू देऊ नका. घासली तर तुम्ही घासणं ऐकाल.

बसवून झालं की इंजिन बंद असताना एकाने कानाला लावायचं आणि दुसऱ्याने ८-१०च्या पान्याने ब्लॉकवर हलके टोले द्यायचे. टण्ण असं स्पष्ट आलं पाहिजे. मग इंजिन चालू करून नुसतं ऐका. पंधरा-वीस मिनिटं, घाई न करता. आयडल, रेस, पंखा सुरू होणं, एसीचा क्लच. हे तुमच्या इंजिनचं रोजचं बोलणं. ते पाठ असल्याशिवाय त्यातला नवा शब्द कळत नाही.

हौस असेल तर दुसरा मार्ग आहे: एक सुटा पिझो नॉक सेन्सर, छोटा ॲम्प्लिफायर आणि हेडफोन. रेकॉर्डही करता येतं, आणि मोबाइलवरच्या स्पेक्ट्रम दाखवणाऱ्या ॲपमध्ये एस्टीमचा पावणेआठचा पट्टा उजळलेला डोळ्यांनी दिसतो. पण सुरुवात नळीने करा. वायरमध्ये इग्निशनची खरखर शिरते आणि नवखा माणूस तिलाच नॉक समजून टायमिंग मागे मागे नेत बसतो.

रस्त्यावर जायच्या आधी

कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं मोजा. एकात जास्त निघालं तर कार्बन साचलाय, आणि नॉक तिथूनच सुरू होणार. नवे प्लग घाला. कॉम्प्रेशन वाढवलं असेल तर एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा, प्लग घ्या. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये उलटं, आकडा उतरला की थंड. या उलट्या रीतीमुळे गरम प्लग घालून बसलेली गाडी मी पाहिली आहे. ब्रीदरमधून (इंजिनच्या पोटातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) इनटेकमध्ये तेल येतंय का बघा. तेलाची वाफ मिश्रणाची नॉक सोसायची ताकद उतरवते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: टायमिंग लाइटने पुलीवरची खूण तपासा. लॅपटॉप १० अंश म्हणतोय तेव्हा क्रँकही १० म्हणतोय ना? तिथे ४ अंशांचा फरक असेल तर लॅपटॉपवरचा, कुठल्या आरपीएमला आणि दाबाला किती टायमिंग, हा पुढचा सगळा तक्ता खोटा.

मिश्रण मोजायला वाइडबँड सेन्सर हवाच. टर्बो नसलेल्या इंजिनला पूर्ण थ्रॉटलवर लॅम्डा (१ म्हणजे नेमकं पूर्ण ज्वलन, त्याहून कमी म्हणजे पेट्रोल जास्त) ०.८६ ते ०.९० च्या मध्ये धरून सुरुवात करा, टर्बोला ०.८० च्या आसपास. हवा-इंधनाच्या १४.७ वगैरे आकड्यांऐवजी लॅम्डाच बघा, कारण पंपावरचं पेट्रोल आता नुसतं पेट्रोल नाही. २० टक्के इथेनॉल मिसळलं की पूर्ण ज्वलनाचा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. मीटर या मिश्र पेट्रोलच्या आकड्यावर लावलेला असेल, तर जुन्या सवयीने त्यावर १३ बघून ‘रिच आहे’ (पेट्रोल जास्त आहे) म्हणाल आणि इंजिन लॅम्डा १ च्या जवळ असेल.

इथेनॉलविषयी आपल्याकडे तक्रारी बऱ्याच, मायलेजच्या तर रास्त. पण नॉकच्या बाबतीत तो आपल्या बाजूचा आहे. त्याचा ऑक्टेन (नॉक सोसायची ताकद सांगणारा आकडा) १०८ च्या आसपास, आणि वाफ होताना तो पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता ओढून घेतो, त्यामुळे आत जाणारी हवा थंड होते. ज्या उसाच्या पाचटाचं उदाहरण वर दिलं, त्याच उसाच्या मळीतून तो येतो. जुन्या गाडीत रबरी पाइप आणि कार्ब्युरेटरची वॉशर मात्र तपासा. एकेकाळी हेच काम शिसं करायचं. १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजली आणि चार्ल्स केटरिंग यांच्या प्रयोगशाळेत शिशाच्या संयुगाने नॉक थांबतो हे सापडलं, आणि त्याचं विष जगाने पुढे कित्येक दशकं श्वासात घेतलं. आपल्या देशातून शिसंवालं पेट्रोल २००० साली गेलं.

बीएस-६ मानक आलं तेव्हा त्यात साध्या पेट्रोलला किमान ९१ आणि प्रीमियमला ९५ रिसर्च ऑक्टेन होता. ट्यूनिंग एकाच प्रतीच्या पेट्रोलवर करा, शक्यतो एकाच पंपाच्या. आणि पुढे घरातलं कुणी चुकून साधं भरणार असेल, तर साध्यावरच करा. निपाणीला भरलं, शिनोळीला भरलं, गोव्यात स्वस्त मिळालं म्हणून तिथे टाकी फुल केली, असं आपण सगळेच करतो. दर बघून पेट्रोल भरणाऱ्याने ९५ वर काठावरचं टायमिंग ठेवू नये.

प्रत्यक्ष ऐकणं

दोन माणसं. चालवणारा वेगळा, ऐकणारा वेगळा. चालवणाऱ्याच्या कानावर काहीही नको. ऐकणाऱ्याने एकच शब्द बोलायचा: ‘सोड.’ तो कानावर पडला की पाय उचलायचा, कारण नंतर विचारायचं.

वेगाची गरज नाही, हे ऐकून बऱ्याच जणांचा हिरमोड होतो. नॉकला सगळ्यात सोयीचं असतं ते कमी आरपीएम आणि जास्त लोड, कारण कडेच्या मिश्रणाला तापायला वेळ मिळतो. चौथ्या गियरला २००० आरपीएमवर हलक्या चढाला पाय पूर्ण दाबा. गाडी पन्नास-पंचावन्नला असते आणि इंजिन मात्र घामाघूम. रिकामा, सरळ, पुढचं-मागचं दिसणारा चढ निवडा, पहाटेची वेळ. वंटमुरी घाटात ट्रकांच्या रांगेत हे करू नका, आणि चोर्ल्याच्या वळणांवर तर नाहीच. सरळसोट उत्तर हवं असेल आणि मोठ्या शहरात डायनो (गाडी रोलरवर जागीच पळवणारं यंत्र) भाड्याने मिळत असेल, तर तोच घ्या. बंद खोलीत गाडी जागेवर उभी आणि ऐकायला निवांत. मूळ रचनेत फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधनं आहेत, तेही वाचून ठेवा.

इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. टायमिंग मुद्दाम मागे, सुरक्षित ठेवून सुरुवात करा. एक फेरी २००० ते ३५०० पर्यंत. शांत? एक अंश पुढे. परत तीच फेरी. प्रत्येक फेरीनंतर वहीत लिहा: आरपीएम, इनटेक मॅनिफोल्डचा (आत जाणाऱ्या हवेचा) दाब, लॅम्डा, आत येणाऱ्या हवेचं तापमान, टायमिंग, पेट्रोल कुठलं. दोन फेऱ्यांच्या मध्ये मिनिट-दोन मिनिटं सावकाश चालवा, नाहीतर दुसऱ्या फेरीचा नॉक गरम इंजिनचा असतो, टायमिंगचा नसतो.

कधीतरी पहिले एक-दोन फुटाणे येतील. ‘सोड.’ तिथून २ ते ३ अंश मागे, आणि तक्त्यातला तो कप्पा झाला. पण नॉक येईपर्यंत ढकलत राहायचं असा याचा अर्थ नाही. एक अंश पुढे घेऊनही ओढ वाढत नसेल, तर तिथेच थांबा, नॉक असो वा नसो. चांगल्या पेट्रोलवर बऱ्याच इंजिनांची ताकद नॉकच्या आधीच संपते. पुढचे अंश नुसते बेअरिंगच्या खात्यात जमा होतात.

पहिल्यांदा ऐकताना नॉक म्हणजे काय हेच माहीत नसतं, तेव्हा तो मुद्दाम एकदा ऐकावा लागतो. टर्बो नसलेलं, कॉम्प्रेशन न वाढवलेलं इंजिन, २००० च्या आसपास, पाय अर्धा, टायमिंग एकेक अंश पुढे, आणि आवाज आला की तत्क्षणी बंद. टर्बो गाडीत बूस्टवर (टर्बो दाब देत असताना) हा प्रयोग कधीच करायचा नाही. तिथे पहिलाच फुटाणा महागात पडू शकतो.

५००० च्या वर कान फारसा कामाचा नाही. इंजिनची स्वतःची गर्जना सगळं गिळते, आणि त्याच पट्ट्यात नॉक सर्वांत घातक. तिथे मी खालच्या आरपीएमच्या अनुभवावरून अंदाजापेक्षा दोन अंश कमीच ठेवतो आणि प्लगवर भरवसा ठेवतो. शर्यत हरलो तरी चालेल.

नव्या गाड्यांत नॉक सेन्सर असतो, आणि तुम्ही ऐकायच्या आत ईसीयू टायमिंग मागे घेऊन मोकळा होतो. आवाज नाही, फक्त गाडी सुस्त. तिथे ओबीडीला (गाडीतल्या तपासणीच्या सॉकेटला) स्कॅनर लावून प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग किती मागे घेतलं जातंय ते बघा. शून्य-शून्य-शून्य आणि एकटा ३ असा दिसला, तर तो सिलिंडर काहीतरी सांगतोय.

आता साखळी

आपल्या भागात ट्यूनिंग करणाऱ्याला पुण्या-मुंबईचा सल्ला इथेच कमी पडतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर. इथे हवेचा दाब सुमारे ९२-९३ किलोपास्कल, गोव्यात १०१. म्हणजे इथे पाय पूर्ण दाबला तरी सिलिंडर गोव्यापेक्षा आठ-नऊ टक्के कमी भरतो. लॅपटॉपवरच्या तक्त्यात बघा: बेळगावात कितीही हाणा, कर्सर ९० किलोपास्कलच्या ओळीवर जाऊन अडतो. १०० ची ओळ इथे कधी उघडतच नाही. तिथे काय आकडे भरलेत, हे तुम्हाला आणि इंजिनला पहिल्यांदा कळतं ते चोर्ला उतरून साखळीत.

माझं नेमकं तेच झालं. बेळगावात एकदम गप्प गाडी. १०० च्या ओळीत मी ९० च्या ओळीतलेच अंश खाली ओढून भरले होते, ‘कशाला लागणार’ म्हणून. दाब वाढला की टायमिंग कमी व्हायला हवं, एवढं साधं. एप्रिलचं ऊन, चार माणसं, डिकीत सामान, साखळीहून परतीच्या चढाला तिसऱ्या-चौथ्या गियरला ओढत आणलेली गाडी. घाट चढताना केरीपासून पहिले काही किलोमीटर हवा अजून खालचीच असते आणि लोड मात्र घाटाचा. नॉकसाठी याहून चांगली जागा मांडून ठेवता येणार नाही.

तेव्हा बेळगावात काम संपलं की १०० ची ओळ ९० पेक्षा ३-४ अंश मागे ठेवून मगच जांबोटी, कणकुंबी करत खाली उतरा. आंबोलीने सावंतवाडीला उतरलात तरी तेच. तळाला पोचल्यावर तासभर जेवा, इंजिन निवू द्या, आणि मग सपाट रस्त्यावर तिथली ओळ वेगळी ऐका, एक-एक अंशाने. पावसाळ्यात ऐकून समाधान मानू नका. दमट हवा नॉक दाबते, थंड हवाही दाबते. जुलैत गप्प बसलेली गाडी एप्रिलात वाजते. माझ्या वहीत प्रत्येक ओळीपुढे महिना लिहिलेला असतो.

टर्बोवाल्यांना इथे सूट मिळते असं वाटेल, कारण बूस्ट ठरावीक दाबावर बांधलेला असतो. पण तोच दाब गाठायला बेळगावात टर्बोला जास्त फिरावं लागतं, हवा जास्त तापते, आणि नॉक वरच येऊ शकतो. त्यांनी दोन्हीकडे ऐकायचं.

परत आल्यावर प्लग काढा. गरम इंजिनात नको, ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे निघतील. भिंग आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन पांढऱ्या चिनी मातीवर बघा. कॉफीसारखा एकसारखा रंग असेल तर छान. मिरपूड शिंपडल्यासारखे काळे ठिपके म्हणजे नॉकची हजेरी. आणि ठिपक्यांत एखादा चकचकीत, चांदीचा, मोहरीच्या दाण्याहून बारीक गोळा दिसला, तर तो तुमचा पिस्टन आहे, वितळून प्लगवर येऊन बसलेला. त्या दिवशी गाडी चालू करू नका. माझ्या तीन नंबरच्या प्लगवर असे सात होते; मी मोजले, मग मामांना फोन केला. ते म्हणाले, ‘हेड खोलू या, चहा सांगून ठेव.’